निपाणीची यादी का अडकत होती

शाखेतून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ निपाणीहून आला तरी तेच, खानापूरहून आला तरी तेच, चंदगडहून आला तरी तेच. बेळगावच्या टिळकवाडीत बसून सहकारी सोसायट्यांचे प्रोग्राम सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. एवढ्या काळात हे वाक्य अक्षरशः खरं निघालं असे प्रसंग फार थोडे. सर्व्हर चालू असतो, डेटाबेसही चालू असतो. दोघांमधली वाट कुठेतरी बंद पडलेली असते. ती नेमकी कुठे बंद पडली हे शोधणं, हेच आमचं काम. शेजारी बसून बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. काळ्या पडद्यावर चार ओळी, थोडा वेळ शांतता, पुन्हा चार ओळी. पण तेवढ्या वेळात कुठल्यातरी शाखेच्या काउंटरवर माणसं पासबुक हातात धरून उभी असतात. त्यामुळे हे काम मला कधी कोरडं वाटलं नाही.

आमच्या भागात घराघरात सोसायटीचं पासबुक असतं. उडुपीच्या ज्या बँकेचं पुढे सिंडिकेट बँक असं नाव झालं, तिनं १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. रोजचे दोन आणेही चालतील, एजंट दारात येऊन नेईल, अशी ती योजना. ती कर्नाटकभर पसरली, बेळगाव-निपाणीत मुरली, आणि आज भाजीवाली, रिक्षावाला, विडी वळणाऱ्या बाया असे सगळे पिग्मी भरतात. एजंटाच्या हातात पूर्वी पावतीपुस्तक असायचं, आता मोबाइल असतो. इथल्या काही सोसायट्या २००२च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, कारण रोजचं जगणंच दोन राज्यांत पसरलेलं. निपाणी गाव कर्नाटकात, आणि निपाणीची मुलं शिकतात ते देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. खातेदार एका राज्यात आणि त्याचं दुकान दुसऱ्या राज्यात, हे इथे नवलाचं नाही.

ज्या सोसायटीबद्दल सांगते आहे तिचं नाव देत नाही. तिची मांडणी मात्र समजून घ्यावी लागेल. प्रोग्राम वेबवरचा; शाखेत ब्राउझर उघडायचा, नाव आणि पासवर्ड टाकायचा, काम सुरू. हा प्रोग्राम चालतो पुण्यातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर. पण खाती, शिल्लक, व्याज, जामीनदार ही सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये आहे तो टिळकवाडीतल्या मुख्य कचेरीत, लेजरच्या लोखंडी कपाटांशेजारच्या खोलीत. ‘लोकांचा हिशेब आपल्या छपराखाली पाहिजे,’ हा संचालकांचा आग्रह. शिवाय दिवसअखेरचं काम आणि पासबुकाची छपाई करणारा जुना प्रोग्राम त्याच मशीनवर चालायचा. मला हा आग्रह मागासलेला वाटत नाही. जबाबदारी ज्याची, कुलूप त्याच्याकडे, हे मला पटतं. फक्त त्याची किंमत म्हणून एक लांबची वाट सांभाळावी लागते. निपाणीच्या कारकुनानं बटण दाबलं की प्रश्न पुण्याला जातो, पुण्याचा प्रोग्राम टिळकवाडीतल्या डेटाबेसला विचारतो, उत्तर पुण्याला जातं आणि तिथून निपाणीला. निपाणी ते टिळकवाडी रस्त्यानं जेमतेम पाऊणशे किलोमीटर. माहितीचा फेरा मात्र त्याच्या कितीतरी पट.

या फेऱ्यात बिघाड झाला की पडद्यावर एक संदेश येतो. तो संदेश नीट वाचणं ही निम्मी लढाई, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. इंग्रजी ओळ दिसली की लोक खिडकी बंद करतात. मला दोनच संदेशांतला फरक सगळ्यांना सांगावासा वाटतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच येतं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. ‘टाइम्ड आउट’ यायला वेळ लागतो, चाक फिरत राहतं. आपण एखाद्याच्या घरी गेलो, दार वाजवलं आणि आतून कुणी म्हणालं, ‘या नावाचं इथे कुणी राहत नाही,’ तर निदान घर सापडलं, आत माणूस आहे, एवढं कळतं. दार वाजवत राहिलो आणि काहीच आवाज नाही, तर घर चुकलं, की गल्लीच बंद आहे, की आतल्यानं मुद्दाम उत्तर दिलं नाही, काहीच कळत नाही. रिफ्यूज्ड म्हणजे बहुधा मशीनपर्यंत पोहोचलो, पण डेटाबेस त्या पोर्टवर ऐकत बसलेला नाही. मग तिथे जाऊन तो चालू आहे का, आणि ‘बाइंड अ‍ॅड्रेस’ १२७.०.०.१ तर नाही ना, ते बघायचं. तो तसा असला की डेटाबेस फक्त स्वतःच्या मशीनवरून आलेल्यांशीच बोलतो. टाइम्ड आउट म्हणजे मधल्या वाटेवर कुणीतरी आपलं पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, गिळलं. फायरवॉल, राउटर, तुटलेली केबल यांच्यापैकी कुणीतरी.

तिसरा संदेश ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. हा दिसला की लोक घाबरतात. मला बरं वाटतं. कारण वाट पूर्ण उघडी आहे, डेटाबेसनं आपल्याला पाहिलं आहे आणि तो बोलतो आहे. आमचा डेटाबेस मायएसक्यूएलचा, आणि त्यात माणसाची ओळख नुसत्या नावावर नसते, नाव आणि तो कुठून आला ते ठिकाण, या दोहोंची मिळून असते. एकाच नावाचा माणूस त्याच मशीनवरून आला तर वेगळा, पुण्याहून आला तर वेगळा. दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, अधिकारही. म्हणून ‘माझ्या मशीनवर तोच पासवर्ड चालतो, तिकडून का चालत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर त्या संदेशातच लिहिलेलं असतं. नावापुढे @ हे चिन्ह आणि त्यापुढे एक पत्ता येतो. डेटाबेसला आपण कुठून आलेले दिसतो, ते तो पत्ता सांगतो. आपल्याला वाटत असतं एक, दिसतं भलतंच. तेवढा पत्ता कुणी फोनवर वाचून दाखवला तरी माझा अर्धा तास वाचतो.

होस्टिंगवाल्यांनी एकदा पुण्याचा सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवला. त्याचा बाहेर जाण्याचा पत्ता बदलला आणि सकाळी सगळ्या शाखा टाइम्ड आउट. फायरवॉलमध्ये नवा पत्ता घातल्यावर तो संदेश गेला आणि ‘या होस्टला जोडणीची परवानगी नाही’ असा ११३० क्रमांकाचा नवीन संदेश आला. माझ्या हाताखालचा मुलगा हिरमुसला : ‘ताई, अजून होईना की!’ मी त्याला म्हटलं, संदेश बदलला ना, म्हणजे आपण एक दार ओलांडलं. आता डेटाबेसमधल्या खात्याचं ठिकाण बदल. बदललं आणि शाखा सुरू झाल्या. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून येणारी मुलं हुशार असतात, प्रोग्राम झरझर लिहितात. पण बिघाड एका जागी नसून एकामागे एक असू शकतो, आणि संदेश बदलणं ही प्रगती असते, हे हाताशी बसल्याशिवाय अंगात भिनत नाही.

आता निपाणीच्या यादीबद्दल.

सोसायटीनं खर्च कमी करायचा म्हणून जुनी लीज लाइन काढली आणि मुख्य कचेरीत फायबरची साधी जोडणी घेतली. वेग उलट वाढला, पत्ताही पक्का मिळाला, सगळे खूश. लगेच निपाणीहून फोन. पावत्या होत होत्या, एकेका खात्याची शिल्लक दिसत होती. तक्रार एवढीच : ‘मॅडम, इंग्लिश यादी येत्या, मराठी यादी येईना झाल्या. चाक फिरालंय नुसतं.’

प्रोग्राममध्ये प्रत्येक खातेदाराचं नाव इंग्रजीत असतं आणि त्याच्या भाषेतही असतं. यादी छापताना कुठली हवी ते निवडता येतं. इंग्रजी निवडली की वीस खात्यांचं पान झटकन उघडायचं. मराठी निवडली की अडकायचं. बेळगावात अशी तक्रार नुसती तांत्रिक राहत नाही. इथे पाटीवरच्या अक्षरांसाठी लोकांनी काय काय सोसलं आहे ते आम्ही सगळे जाणतो. दुपारपर्यंत ‘नव्या लाइनवर मराठी बंद केली’ असं शाखेत बोललं जाऊ लागलं. बोलणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्या समाजाला आपली भाषा सतत राखावी लागते, त्याचा संशय आधी तिकडेच जाणार. माझ्यापुढे प्रश्न होता तो खरं काय ते लवकर शोधायचा.

मी खानापूर रस्त्यावरच्या एका शाखेला फोन केला. तिथे काही खातेदारांची नावं कन्नडमध्ये नोंदलेली. म्हटलं, कन्नड यादी उघडून बघा. तीही अडकली. अगदी तशीच. एवढ्यानं एक गोष्ट मिटली : हा प्रश्न एकट्या मराठीचा नव्हता.

मग पुण्याच्या सर्व्हरवर शिरून प्रोग्राम बाजूला ठेवला आणि डेटाबेसला हातानं प्रश्न विचारायला बसले. यादीतली थोडी नावं मागितली, आली. जास्त मागितली, गप्प. मग भाषाच काढून टाकली. मायएसक्यूएलला एखादं अक्षर हवं तितक्या वेळा जोडून द्यायला सांगता येतं. मी इंग्रजी ‘एक्स’ हे अक्षर १००० वेळा मागितलं. उत्तर आलं. तेच २००० वेळा मागितलं आणि पडदा थिजला. हाच प्रश्न टिळकवाडीच्या कचेरीत, त्याच खोलीतल्या दुसऱ्या मशीनवरून विचारला, तर २००० काय, २०००० सुद्धा लगेच. म्हणजे डेटाबेस धडधाकट, भाषेचा संबंध नाही. टिळकवाडीहून पुण्याकडे जाणारं उत्तर आकारानं मोठं झालं की वाटेत नाहीसं होतं आहे.

नावांचा हिशेब इथे जुळतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या आणि कन्नडच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘सावित्री’ हे नाव इंग्रजीत सात बाइटांत बसतं. मराठीत त्यात स, काना, व, वेलांटी, त, हलन्त, र, वेलांटी अशी आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. कन्नडमध्येही २४च. नाव, वडिलांचं नाव, आडनाव मिळून वीस माणसांची इंग्रजी यादी एका पाकिटात मावायची. मराठी किंवा कन्नड यादीला दुसरं पाकीट लागायचं, आणि त्यातलं पहिलं काठोकाठ भरलेलं असायचं. हे भरलेलं पाकीटच पलीकडे पोहोचत नव्हतं.

का पोहोचत नव्हतं? कचेरीतल्या नेटवर्कवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट. नव्या फायबर जोडणीवर पीपीपीओई नावाची पद्धत होती. ती प्रत्येक पाकिटावर स्वतःचे आठ बाइट चढवते, म्हणून तिथे मर्यादा १४९२. १५०० चं पाकीट राउटरपाशी आलं की राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडतो : ‘जरा लहान करून पाठव.’ हा निरोप आयसीएमपी नावाच्या मार्गानं येतो. आणि कधीकाळी कुणीतरी, त्याच मार्गानं जाणारा पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारा संदेश, धोकादायक असतो असं ऐकून, डेटाबेसच्या मशीनवर आयसीएमपी सरसकट बंद केलं होतं. त्यामुळे राउटर निरोप धाडत होता, मशीन ऐकत नव्हतं, तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि निपाणीत चाक फिरत होतं. लीज लाइनवर मर्यादा १५००च होती, त्यामुळे हा दोष तोवर कधी उघडा पडला नव्हता.

खात्री करायला कचेरीतल्या विंडोज मशीनवरून पाकीट फोडू नये अशी अट घालून पिंग पाठवला. १४७२ बाइट : जात नाही. १४६४ : गेला. १४६४ मध्ये शीर्षकाचे २८ मिळवले की बरोबर १४९२. असा आकडा जुळतो तेव्हा होणारा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. राउटरमध्ये पाकिटांचा आकार जोडणीच्या सुरुवातीलाच कमी ठरवणारी सोय असते, ती चालू केली. मशीनवर तो निरोप येऊ द्यायला लावला. निपाणीला फोन करून म्हटलं, आता मराठी यादी उघडा. पलीकडून उत्तर आलं, ‘आली की मॅडम! सगळी आली.’ मागे कुणीतरी प्रिंटर चालू केल्याचा आवाज आला.

त्या दिवशी मी शाखेतल्या सगळ्यांना ते आठ बाइट समजावून सांगितले. वेळ गेला, पण तो द्यायलाच हवा होता. ‘दुरुस्त झालं’ एवढंच सांगितलं असतं तर ‘मराठी बंद केली होती, ओरडल्यावर चालू केली’ हीच गोष्ट गावात राहिली असती.

बाकीच्या दुखण्यांबद्दल थोडक्यात. बराच वेळ काही बोलणं झालं नाही की मधले राउटर जोडणी मनातून पुसून टाकतात आणि दोन्ही टोकांना कळवत नाहीत. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली पावती हमखास अडकायची. जोडणी जिवंत ठेवणारे छोटे संदेश लिनक्समध्ये मुळात दोन तासांनी जातात. ते मिनिटांवर आणले आणि तक्रार थांबली. डेटाबेस जागा आहे का हे बघायला पुण्याच्या सर्व्हरवर कुणी एक पाळतीचा प्रोग्राम लावला होता. तो दर मिनिटाला डेटाबेसशी जोडणी उघडायचा आणि काहीच न बोलता बंद करायचा. मायएसक्यूएल अशा अर्धवट जोडण्या मोजतो; मधे एकही पुरी जोडणी न होता लागोपाठ १०० झाल्या की त्या पत्त्याला दार बंद करतो. दिवसा मधेमधे खऱ्या जोडण्या होत असल्यानं मोजणी पुन्हा शून्यावर यायची. रात्री शाखा बंद, मोजणी चालू. सकाळी कुलूप उघडून बसलेले सगळे बाहेर. ज्यानं राखण करायची त्यानंच वाट अडवली होती.

वेगाचा प्रश्न वेगळा, आणि तो तारेत नसतो, प्रोग्राम लिहिण्याच्या सवयीत असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. वाटेतले टप्पे दाखवणारं ट्रेसरूट घातलं की आमची पाकिटं पुण्याला सरळ हायवेनं जात नाहीत, आधी बेंगळूर, मग मुंबई, मग पुणे अशी जाताना दिसायची. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद. एका प्रश्नाला ते काहीच नाही. पण एखाद्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळा प्रश्न विचारला जात असेल आणि खाती ६०० असतील, तर २४ सेकंद नुसत्या येरझाऱ्यांत जातात. वेबवरचा प्रोग्राम लिहिला तेव्हा तो आणि डेटाबेस एकाच मशीनवर होते. तिथे ६०० प्रश्नांचा पत्ताही लागत नव्हता. तेच सगळं एका प्रश्नात मागितलं आणि रिपोर्ट लगेच उघडू लागला. लाइनचा वेग वाढवून घ्या असं मॅनेजरसाहेबांना कुणीतरी सुचवलं होतं. त्या पैशांचा काही उपयोग झाला नसता.

पुढे इंटरनेटवाल्यांनी आमचा स्वतंत्र पत्ताच काढून घेतला. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते मुळात सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा साठा २०११च्या एप्रिलमध्येच शेवटच्या टप्प्यावर आला. म्हणून कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, आणि आतल्या वाटपासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली राखून ठेवला गेला. राउटरच्या पानावर आपला पत्ता या पट्ट्यातला दिसला की समजायचं, बाहेरून आपल्याकडे थेट येता येणार नाही. पुण्याहून टिळकवाडीत शिरायची वाट कायमची बंद.

तेव्हाच तो सल्ला आला, जो दर बिघाडाच्या वेळी कुणी ना कुणी देतोच. दुसरी लाइन घ्या, तिच्यावर डेटाबेस सगळ्या जगाला उघडा ठेवा, खात्याला कुठूनही येण्याची परवानगी द्या, फायरवॉल काढून टाका. मग काही अडणार नाही. अडणार नाही हे खरं. २०१७च्या जानेवारीत जगभर असे उघडे ठेवलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस चोरांनी पुसून टाकले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. पुढे मायएसक्यूएलवरही तसेच हल्ले झाले. त्यासाठी कुणा हुशार चोराला बेळगाव माहीत असावं लागत नाही. यंत्रं दिवसरात्र सगळ्या पत्त्यांवर ३३०६ क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे का ते चाचपत असतात. आपल्या डेटाबेसमध्ये काय आहे याचा विचार करा. विडी वळून दिवसाला थोडे थोडे साठवणाऱ्या बाईचं नाव, फोन नंबर, शिल्लक, आधारचा क्रमांक, सोनं तारण ठेवलं असेल तर त्याचं वजन. तिनं ते आपल्याला विश्वासानं दिलेलं आहे. आपली सकाळ सोपी व्हावी म्हणून ते वाऱ्यावर टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानं ही जबाबदारी आता कागदावरही आणली आहे. कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं.

आम्ही वाट उलटी केली. पुण्यानं टिळकवाडीला यायच्या ऐवजी टिळकवाडीच्या मशीननं पुण्याकडे वायरगार्डचा एन्क्रिप्ट केलेला बोगदा उघडायचा आणि डेटाबेसचं सगळं बोलणं त्यातून करायचं. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, वेगळा खर्च नाही. बाहेरून बघणाऱ्याला आता ३३०६ दिसतच नाही.

या बोगद्यानंही एकदा दगा दिला, आणि ते कारण शोधताना मला माझ्या कामाबद्दल पुन्हा प्रेम वाटलं. मे महिना, वळवाचा पाऊस, रात्रभर लाइट नाही. यूपीएस दमला आणि मशीन बंद पडलं. सकाळी चालू केलं, इंटरनेट चालू, डेटाबेस चालू, बोगदा मात्र बंद. वायरगार्डची पद्धत अशी की ओळख पटली नाही तर तो नकारही देत नाही, मौन धरतो. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा : हँडशेक पूर्ण झाला नाही, पुन्हा प्रयत्न करतो. किल्ल्या बघितल्या, पत्ते बघितले, सगळं जसंच्या तसं. मग तारीख बघितली. मशीन काही वर्षांपूर्वीच्या तारखेत वावरत होतं.

मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीज गेल्यावर घड्याळ तो चालवतो. तो संपला होता. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकवर वेळेचा शिक्का मारतो आणि आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला की पलीकडचा तो नाकारतो. कुणी जुनं पाकीट चोरून पुन्हा पाठवू नये यासाठी ती काळजी. पुण्याच्या दृष्टीनं आमचं मशीन भूतकाळातून बोलत होतं. वेळ आपोआप जुळवणारी एनटीपी सेवा याच मशीनच्या फायरवॉलनं अडवलेली. तारीख हातानं बरोबर केली आणि बोगदा त्या क्षणी उघडला. नंतर सेल बदलला, एनटीपीची वाट मोकळी केली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२च्या आदेशात सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं, तेव्हा पुष्कळांना तो कागदी जाच वाटला. मला वाटला नाही. निपाणी, पुणे आणि टिळकवाडी या तिन्ही ठिकाणच्या लॉगमधल्या वेळा जुळत नसतील तर कोण आधी गप्प झालं, हे कसं सांगणार?

शाखेत बसणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती करते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं सांगू नका. पडद्यावर आलेल्या संदेशाचा पुरा फोटो काढा, नाव आणि पत्त्याची ओळ कापली जाऊ देऊ नका. घड्याळात किती वाजले होते ते लिहा. संदेश लगेच आला की चाक बराच वेळ फिरलं, ते सांगा. पावती होते का, यादी होते का, एका भाषेत होते आणि दुसऱ्या भाषेत होत नाही का, हेही सांगा. निपाणीच्या त्या कारकुनानं नेमकं तेवढंच सांगितलं म्हणून तो बिघाड त्याच दिवशी सापडला.